एड्सविषयी बोलायचे कोणी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्ही-एड्सविषयीचे प्रश्न दोन पायऱ्यांचे असतात. पहिल्या पायरीवर एवढेच विचारले जाते की या आजाराचे नाव आपण ऐकले आहे का, आणि बहुतेक जण त्याला होकार देतात. खरा कस लागतो तो दुसऱ्या पायरीवर. नियमित कंडोम वापरल्याने आणि लागण नसलेल्या एकाच एकनिष्ठ जोडीदाराशी संबंध ठेवल्याने धोका कमी होतो, वरकरणी ठणठणीत दिसणाऱ्या माणसालाही एचआयव्ही असू शकतो, आणि या आजाराविषयीचे दोन सर्वाधिक प्रचलित समज खोटे आहेत, हे सारे ज्याला ठाऊक असेल त्यालाच ‘सर्वंकष ज्ञान’ आहे असे हे सर्वेक्षण मानते. २०१५-१६ मध्ये असे ज्ञान २०.९ टक्के स्त्रियांना आणि ३२.३ टक्के पुरुषांना होते. २०१९-२१ मध्ये स्त्रियांचे प्रमाण २१.६ टक्के झाले आणि पुरुषांचे ३०.७ टक्क्यांवर उतरले. म्हणजे मधल्या वर्षांत दर १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, प्रभातफेऱ्या निघाल्या, पथनाट्ये झाली, लाल फिती वाटल्या गेल्या, महाविद्यालयांत घोषवाक्यांच्या स्पर्धा भरल्या, आणि आकडा जवळजवळ होता तिथेच राहिला.

अशा आकड्यांवरून निघणारा ठरावीक निष्कर्ष असा असतो की जनजागृती कमी पडते, ती वाढवली पाहिजे. मला हा निष्कर्ष पटत नाही. जे केले जात आहे तेच आणखी मोठ्या आवाजात केल्याने फार काही साधेल असे दिसत नाही. या आजाराच्या चार दशकांहून अधिक काळाच्या इतिहासात जिथे जिथे लोकांचे वर्तन खरोखर बदलले, तिथे आधी काय बोलले जाते याइतकेच कोण बोलते आणि बोलणाऱ्याच्या मागे कोणती यंत्रणा उभी आहे, हे बदललेले दिसते. सरकार आणि समाज यांच्या कामाची वाटणीच चुकली आहे, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय जागृतीवर होणारा खर्च बहुतांशी सोहळ्यावरच होत राहील, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात कशी झाली ते आठवले पाहिजे. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुण समलिंगी पुरुषांना झालेल्या एका दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापली गेली. पुढच्या वर्षी आजाराला एड्स हे नाव मिळाले आणि १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला. औषध हाती नव्हते. पहिले औषध, एझेडटी, १९८७ मध्ये मंजूर झाले, आणि अनेक औषधांचा एकत्रित प्रभावी उपचार यायला १९९६ उजाडले. मधल्या काळात सरकारांच्या हाती देण्यासारखे काही नसल्याने त्यांनी भीती दिली. ब्रिटिश सरकारने १९८६-८७ मध्ये दूरचित्रवाणीवर कोरली जाणारी कबर आणि समुद्रातला हिमनग दाखवला आणि घरोघरी पत्रक पाठवले. ऑस्ट्रेलियाने १९८७ मध्ये जी जाहिरात केली तिच्यात हातात कोयता घेतलेला मृत्युदेव बोलिंगच्या खेळातल्या चेंडूने माणसे, अगदी बायकामुलेही, आडवी करत होता.

या मोहिमांवर आज हसणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. घराघरात जाणाऱ्या सरकारी पत्रकात कंडोम हा शब्द छापणे ही तेव्हा धाडसाची गोष्ट होती, आणि या दोन्ही देशांनी पुढे नशा करणाऱ्यांना वापरलेल्या सुयांच्या बदल्यात नव्या सुया देण्यासारखे वादग्रस्त पण उपयुक्त कार्यक्रमही राबवले. तरी भीतीचा एक गुणधर्म असा की ती आजाराला चिकटून राहत नाही, माणसाला चिकटते. ऑस्ट्रेलियातल्या त्या मोहिमेशी संबंधित असलेल्यांनीच नंतर खंत व्यक्त केली की लोक समलिंगी पुरुषांनाच तो मृत्युदेव समजू लागले. भित्तिचित्रावर कवटी काढली की पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न ‘मी काय काळजी घ्यावी’ असा येत नाही, ‘ही कवटी कोणाची’ असा येतो, आणि उत्तर प्रत्येक समाजाकडे तयार असते: देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, ट्रकचालक, तृतीयपंथी, नशा करणारे, परदेशी; थोडक्यात, आपण नव्हे. ज्याच्या मनात हे पक्के बसले, तो तपासणीला जाईलच कशाला? तपासणीत लागण निघाली तर भित्तिचित्रातली ती कवटी त्याची स्वतःची ठरणार असते.

भारतात विषाणूची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले आणि त्यांपैकी काहींत लागण आढळली. पुढची तीन वर्षे सरते न सरते तोच राज्यसंस्था या आजाराकडे कसे पाहते याचा धडा गोव्यात मिळाला. डॉमिनिक डिसोझा हा तरुण रक्तदाता होता. त्याच्या रक्तात विषाणू सापडल्यावर १९८९ मध्ये, गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात नव्याने घातलेल्या तरतुदीखाली, पोलिसांनी त्याला उचलले आणि क्षयरोग्यांसाठी असलेल्या एका जुन्या इमारतीत ६४ दिवस एकट्याला ठेवले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक सुटला, पण १९९० च्या निकालात न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद मूलतः वैध ठरवली. ज्या माणसाने स्वेच्छेने रक्त देऊन समाजाचे एक काम केले, त्यालाच त्या कृतीतून कोठडी मिळाली हे पाहणाऱ्या गावकऱ्यांना तपासणीचे महत्त्व कोणते पथनाट्य पटवणार होते? डॉमिनिकने मृत्यूपूर्वी, १९९२ मध्ये, गोव्यात एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी संस्था उभी केली. त्याच उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका कामगाराच्या प्रकरणात, काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. सात वर्षांत न्यायालयाची दृष्टी एवढी बदलली. त्यामागे डॉमिनिकसारख्यांनी उघडपणे बोलण्याचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण तो नव्हता असे कोणी म्हणू नये.

बोलण्याचा हा हक्क मागितला गेला होता तो त्याच्याही आधी. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरी भरलेल्या एका आरोग्य परिषदेत एड्स झालेल्या काही जणांनी व्यासपीठावर येऊन एक निवेदन वाचले. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, कारण तो शब्द पराभव सुचवतो, आणि आमच्याविषयी निर्णय घेणाऱ्या प्रत्येक पातळीवर आम्हाला जागा द्या, अशा त्या मागण्या होत्या. औषध नसताना, मरण समोर दिसत असताना त्यांनी सहानुभूती न मागता अधिकार मागितला. अकरा वर्षांनी, १ डिसेंबर १९९४ रोजी, पॅरिसमध्ये ४२ देशांनी सही करून हे तत्त्व मान्य केले. मान्य करणे आणि पाळणे यांतले अंतर सरकारी व्यवहार जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आपल्याकडची वर्तमानपत्रे ‘एड्सग्रस्त’ हा शब्द आजही सर्रास वापरतात, आणि एचआयव्हीची लागण असलेला पण एड्सच्या अवस्थेला कधीच न पोहोचलेला माणूसही त्यात ओढला जातो.

बाधित माणूस स्वतः बोलला की काय घडते याचे उदाहरण युगांडात मिळते. तिथल्या सरकारने १९८६ पासून हा विषय लपवला नाही, राष्ट्राध्यक्ष सभांमधून तो मांडत राहिले, आणि १९८७ मध्ये नोएरीन कालीबा व त्यांच्या सोबत्यांनी बाधितांच्या आधारासाठी ‘टासो’ ही संस्था काढली. पण लोकांच्या मनात या आजाराला चेहरा मिळाला तो १९८९ मध्ये, जेव्हा फिली लुटाया या लोकप्रिय गायकाने आपल्याला एड्स झाल्याचे जाहीर केले आणि डिसेंबरमध्ये मृत्यू येईपर्यंत शाळा-शाळांतून आणि चर्चमधून तो बोलत फिरला. युगांडात पुढे लागणीचे प्रमाण घटले, त्याची कारणे कोणती यावर तज्ज्ञांचे वाद आहेत, आणि घट दिसण्यात मृत्यूंचाही हात होता हे विसरता येत नाही. तरीही शेजारच्या, ओळखीच्या माणसाकडून ऐकलेली गोष्ट आणि खांबावर चिकटवलेली गोष्ट यांच्या वजनात फरक असतो, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

या मुद्द्याची सगळ्यात खोल समज मात्र मला कोलकात्याच्या सोनागाची या देहविक्रयाच्या वस्तीत आणि आपल्या सांगलीत दिसते. डॉ. स्मरजित जाना १९९२ मध्ये सोनागाचीत गेले तेव्हा काम ठरलेले होते: देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना कंडोमची माहिती द्यायची. त्यांच्या लवकरच लक्षात आले की माहिती हा अडथळाच नाही. बाईला माहीत असते, पण गिऱ्हाईक नको म्हणतो, आणि ती अडून बसली तर तो शेजारच्या दारात जातो. त्या दिवशीचे भाडे, सावकाराचा हप्ता, मालकिणीचा वाटा यांपुढे दहा वर्षांनी येऊ शकणाऱ्या आजाराचा धाक टिकत नाही. यावर एकट्या बाईला उपदेश करून उपाय होत नाही. सगळ्याच दारांत एकच उत्तर मिळाले तर गिऱ्हाइकाला पर्याय उरत नाही, म्हणून त्या स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्याच वस्तीत पाठवले गेले आणि १९९५ मध्ये त्यांची स्वतःची दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली. सांगलीत मीना शेषू यांनी सुरू केलेल्या ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद निघाली. तिच्या नावातच काय ते आले आहे: आजाराचा उल्लेख नाही, अन्यायाचा आहे. पोलिसांची मारहाण आणि गुंडांची वसुली थांबल्याशिवाय कंडोमचा आग्रह धरण्याइतके बळ येत नाही, हे त्या बायांना कोणत्याही तज्ज्ञ समितीच्या आधी कळले होते.

हाच तर्क थायलंडच्या सरकारने वरून राबवला. १९८९ मध्ये रत्चबुरी प्रांतात आणि १९९१ पासून देशभर, प्रत्येक कुंटणखान्यात कंडोम सक्तीचा झाला आणि न पाळणाऱ्याचे दार बंद होऊ लागले. नव्या लागणी झपाट्याने कमी झाल्या. सरकारने मनावर घेतले तर किती लवकर फरक पडतो याचा हा पुरावाच. पण सक्तीची अंमलबजावणी पोलीस आणि तपासण्या यांच्या हाती असल्याने तिचा भार गिऱ्हाइकापेक्षा बायांवर जास्त पडला, आणि या योजनेवर हक्कांच्या बाजूने झालेली टीका मला रास्त वाटते. एकच कल्पना हुकमाने आणली की वेग येतो, संघटनेतून आणली की ती मुळे धरते. आरोग्यखात्याला वेग आवडतो, कारण त्याला वर्षअखेर अहवाल द्यायचा असतो.

आपल्याकडच्या सरकारचे दुखणे मात्र वेगळे आहे. इथे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये स्थापन झाली आणि तिने समलिंगी पुरुषांमध्ये काम करण्यासाठी संस्थांना हाताशी धरले. जुलै २००१ मध्ये लखनौत नेमके हेच काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी भारतीय दंड संहितेच्या, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ खाली पकडले, त्यांच्याकडची माहितीपत्रके आणि साहित्य पुरावा म्हणून जप्त केले, आणि ते दीड महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिले. त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने, जी मुळात एड्सवरच काम करणारी संस्था आहे, हे कलम आव्हानित केले. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात एक विलक्षण दृश्य दिसले: केंद्र सरकारच्या गृहमंत्रालयाने प्रतिज्ञापत्र देऊन कलमाची पाठराखण केली, तर सरकारच्याच एड्स नियंत्रण संघटनेने प्रतिज्ञापत्र देऊन सांगितले की या कलमामुळे ही माणसे लपून राहतात आणि प्रतिबंधाचे काम अडते. एकाच सरकारची दोन तोंडे एकाच न्यायाधीशांसमोर. २००९ चा कलमाविरुद्धचा निकाल, त्यावर फिरलेले पाणी आणि समलिंगी संबंध गुन्हा नाही असे सांगणारा सप्टेंबर २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय हा पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. शाळांची गोष्टही याच जातीची. किशोरवयीन मुलांसाठी आखलेल्या शिक्षण कार्यक्रमावर २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी संस्कृतीच्या नावाखाली बंदी घातली, आणि त्याच राज्यांतून दर डिसेंबरात विद्यार्थ्यांच्या फेऱ्या निघत राहिल्या. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात ‘एड्स टाळा’ हा फलक द्यायचा आणि तो कसा टाळायचा हे मात्र त्याला सांगायचे नाही, यातली विसंगती त्या मुलाला नक्की कळत असणार.

यावर कोणी म्हणेल की मग सरकारने बाजूला व्हावे आणि हे काम संस्थांवर सोपवावे. तसे मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेचा दाखला याविरुद्ध जातो. तिथे थाबो म्बेकी यांच्या सरकारने विषाणू आणि एड्स यांच्या संबंधावरच शंका घेतली आणि औषधे रोखून धरली. त्यामुळे तीन लाखांहून अधिक माणसांचे प्राण गेल्याचा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. त्या देशात गुगु ड्लामिनी या तरुणीने १९९८ च्या जागतिक एड्स दिनी आपल्याला लागण असल्याचे जाहीर केले आणि काही दिवसांतच जमावाने तिला ठार मारले. ‘पुढे या, बोला’ असे बाधितांना सांगणाऱ्या प्रत्येकाने ही घटना लक्षात ठेवावी. संरक्षण न देता केलेले असे आवाहन दुसऱ्याच्या जिवावर केलेले असते. त्याच डिसेंबरमध्ये स्थापन झालेल्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’च्या कार्यकर्त्यांनी, स्वतःला लागण असो वा नसो, ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असे छापलेले सदरे घातले, म्हणजे कोण बाधित आणि कोण नाही हे ओळखताच येऊ नये. वस्तीवस्तीत त्यांनी लोकांना औषधे कशी काम करतात ते शिकवले, आणि २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाकडून, आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारे औषध सरकारने दिलेच पाहिजे असा आदेश मिळवला. संघटनेने कितीही जागृती केली तरी औषधाची गोळी शेवटी सरकारी दवाखान्यातूनच यावी लागते. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली तेव्हा अनेक देशांत पहिला फटका वस्तीत जाऊन काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना बसला. परक्या पैशावर उभी केलेली सामुदायिक कामे किती ठिसूळ असतात हे त्यातून दिसले. हा खर्च सरकारी अंदाजपत्रकातच असायला हवा. तो कसा करायचा याचा निर्णय मात्र वस्तीतल्या माणसांकडे असावा.

आता त्या एका वाक्याकडे येतो, जे माझ्या मते प्रत्येक मोहिमेच्या अग्रभागी असायला हवे. नियमित औषध घेणाऱ्या ज्या व्यक्तीच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही आणि ही स्थिती टिकून आहे, तिच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे आशावादी अनुमान नाही. २०११ मध्ये एका मोठ्या चाचणीने लवकर सुरू केलेल्या उपचाराने जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील ‘पार्टनर’ अभ्यासात, एकाला लागण आहे आणि दुसऱ्याला नाही अशा ७८२ समलिंगी जोडप्यांनी कंडोमविना ठेवलेल्या सुमारे ७६ हजार संबंधांतून बाधित जोडीदाराकडून आलेली एकही लागण आढळली नाही. अर्थात औषधे सोडली की हे कवच राहत नाही, इतर गुप्तरोगांपासून त्याने बचाव होत नाही, आणि एकच सुई वापरण्याला हे वाक्य जसेच्या तसे लावता येत नाही.

सरकारी यंत्रणा हे वाक्य मोठ्याने बोलायला कचरतात. लोक ढिले पडतील, कंडोम सोडतील, ही त्यांची धास्ती आहे. ती अगदी निराधार आहे असे मी म्हणणार नाही, पण ती लोकांना लहान मूल समजते. मला तर उलट दिसते: औषध घेत राहिलो तर आपल्यामुळे कोणालाही धोका नाही हे समजलेला माणूस गोळी चुकवत नाही, लग्नाविषयी आणि मुलांविषयी विचार करू शकतो, आणि तपासणीला सामोरे जाण्याचे त्याला कारण मिळते. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून ही औषधे मोफत मिळतात. सुमारे २५ लाख माणसे या देशात एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांच्या शेजाऱ्यांना, मालकांना, सासरच्यांना हे एक वाक्य माहीत नसेल तर लागण कशी होत नाही याची बाकीची यादी पाठ असून काय उपयोग? हस्तांदोलनाने एड्स होत नाही हे सांगून तीस वर्षे झाली. तेवढ्याने कोणी कोणाला घर भाड्याने दिले नाही.

भेदभावाला आवर घालण्याचे दुसरे साधन कायद्याचे आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका डॉक्टरच्या प्रकरणात, रुग्णालयाने त्याची लागण इतरांना सांगितली हे क्षम्य ठरवले आणि वर बाधितांचा विवाहाचा हक्कच स्थगित असल्याचे म्हटले. विवाहाविषयीचा तो भाग मागे घ्यायला २००२ उजाडले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय वाच्यता नाही, नोकरी, शिक्षण, घर, उपचार यांत भेदभाव नाही, असे तो सांगतो. उपचाराच्या कलमात ‘शक्य असेल तितके’ अशी पळवाट ठेवल्याबद्दल बाधितांच्या संघटनांनी त्यावर केलेली टीका योग्यच होती. तरी प्रत्येक राज्यात लोकपाल, आणि शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत, आरोग्यसेवेच्या ठिकाणी तर वीस माणसे असली तरी, तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन त्यात आहे. जागृतीच्या साहित्यात या कायद्याला कोपऱ्यातही जागा मिळताना क्वचितच दिसते. एखाद्या रुग्णालयाच्या प्रवेशदाराशी १ डिसेंबरला लाल फितीची भली मोठी रांगोळी असते. त्याच दारावर उरलेले ३६४ दिवस त्या तक्रार अधिकाऱ्याचे नाव, खोली क्रमांक आणि भेटीची वेळ लिहिलेली पाटी असावी, एवढी मागणी या वर्षी करून पाहायला हरकत नाही.